जोडलेल्या रेघा

४ फेब्रुवारी

चि. खारूताईस मामाचे आशीर्वाद.

"मामा, तू कधी काही अर्धवट सोडलंस का?" असं तू पत्राच्या शेवटी सहज विचारल्यासारखं विचारलंस. उत्तर यादीनेच देतो. या दोन हातांनी केलेलं आजवरचं: जेवणाचं टेबल एक, खुर्च्या सहा, त्यांतली एकही डुगडुगत नाही. तुझ्या आईची कपड्यांची पेटी, एकही खिळा न मारता. मामीच्या शिवणयंत्राचं झाकण. कोरण्या अकरा, मोडक्या करवतीची पाती घासून. छापायचा दाब, जुन्या पुस्तकबांधणीवाल्याकडून भंगारात आणलेला, स्क्रू नवा, माझा. शाई फिरवायचा रोलर, सायकलच्या ट्यूबचा. साबणाच्या वेष्टनांचे लाकडी ठोकळे चाळीस, काडेपेटीच्या चित्रांचे एकतीस. तू सात वर्षांची असताना काढलेल्या, डोळे मिटलेल्या मांजराचा ठोकळा एक. आणि तुझ्या पुस्तकाचे नऊ.

यातलं काहीही मला कुणी शिकवलेलं नाही आणि यातलं काहीही अर्धवट नाही. कळलं?

आता तुझ्याकडे येतो. ठरलं काय होतं ते पुन्हा लिहितो, म्हणजे पुढे वाद नको. व्हॉल्व्हवाल्याचं पुस्तक. सकाळी उंच लोखंडी किल्ली घेऊन रस्त्यांखालचं पाणी सोडत जाणारा म्हातारा आणि त्याच्यामागे चालणारी शेळी. शब्द नाहीत, बावीस चित्रं. तू काढायची, मी लाकडात कोरायची, छाप काढून जूनअखेर प्रकाशकाच्या हातात द्यायची. पहिली नऊ तू बाळंतपणाच्या आधी दिलीस. देखणी होती. प्रकाशक त्यांच्यावरच भुलला.

जानेवारीत तू पाठवलेली दहा ते तेरा मात्र मला समजलेली नाहीत. दहामध्ये म्हाताऱ्याची किल्ली हवेत संपते, खालचं टोकच नाही. अकरामध्ये शेळीला तीन पाय. बारामध्ये भिंत आहे, खिडकी आहे, खिडकीची चौथी कड नाही. तेरामध्ये सगळंच थोडं थोडं. चित्रं उतरवताना काही पुसलं गेलं का, म्हणून भिंगाने कागद तपासला. पुसलेलं नाही. काढलेलंच नाही.

घाईत राहून गेलं असेल, असं धरून मी रेघा जोडल्या. किल्ली जमिनीला टेकवली, शेळीला पाय दिला. कोरून झालं की छाप पाठवीन.

तब्येत बरी आहे ना? फोनवर तू "सगळं मजेत" एवढंच म्हणतेस आणि मागून कुणीतरी रडत असतं. ते मजेत नाही, एवढं मलाही कळतं.

मामा

ता.क. जानेवारीपासून मनगट दुखतंय. मामी म्हणते वय झालं. मी म्हणतो थंडी.


१९ फेब्रुवारी

मामा,

तुझी यादी मी कार्यालयात वाचली आणि नियंत्रण कक्षातल्या तिघांना वाचून दाखवली. खुर्चीचं वाक्य सगळ्यांना आवडलं, कारण आमच्याकडे न डुगडुगणारी खुर्ची एकच आहे आणि तिच्यावर साहेब बसतात.

खरंच मजेत आहे रे. गेल्या आठवड्यात पूर्वेकडच्या मुख्य नळाचा दाब अचानक निम्म्यावर आला. चाळीस हजार घरांचं पाणी, आणि पडद्यावर सगळं हिरवं. यंत्र म्हणतंय काही बिघडलेलं नाही, फोनवर लोक म्हणतायत नळ कोरडे. दोन तास कुणाला काही सुधरेना. शेवटी मी जुन्या पद्धतीने कागदी पट्टीवरचा आलेख काढला, तेव्हा गळती सापडली. साहेब पाठ थोपटून म्हणाले, "बाई, तुम्ही लवकर परत आलात ते बरं झालं." मी हसले. हसायचं होतं का, ते अजून ठरवते आहे.

पिल्लू पाच महिन्यांचं झालं. सकाळी साडेसहाला सांभाळणाऱ्या मावशींकडे, साडेतीनला माझ्याकडे. वजन वाढतंय, आवाजही.

चौदा, पंधरा आणि सोळा सोबत आहेत. कागद तोच, दाबाच्या आलेखाच्या रद्दी पट्ट्यांचा पाठकोरा भाग. मागची चौकट दिसते त्याबद्दल माफ कर. घरात चित्राचा चांगला कागद आहे, पण तो काढायला कपाट उघडावं लागतं आणि कपाट करकरतं.

शेळीला तीन पाय पुरतात की. पण तुला योग्य वाटेल ते कर.

खारू


९ मार्च

चि. खारूताईस,

हे पत्र मी तीनदा लिहिलं आणि तीनदा फाडलं. आता आहे तसं टाकतो.

ठोकळ्यावर चित्र उलटं उतरतं हे तुला माहीत आहे. डावं ते उजवं. गेली बावीस वर्षं मला उलटंच सुलट वाटतं. आरशात भांग पाडताना मी चुकत नाही, आरशाबाहेर चुकतो. म्हणून जे मला दहाव्या ठोकळ्यालाच दिसायला हवं होतं, ते सोळाव्याला दिसलं.

सावली दाखवायला तू तिरप्या रेघा मारतेस. एकापुढे एक, दाट. पहिल्या नऊ चित्रांत त्या खाली डावीकडून वर उजवीकडे जातात. उजव्या हाताने लिहिणाऱ्याच्या रेघा अशाच जातात, मनगट तसंच वळतं. दहापासून सोळापर्यंत त्या उलट्या आहेत. सगळ्या. एकही अपवाद नाही. मी मोजायला बसलो आणि चौदाव्या चित्रातल्या सावलीतच दोनशे अकरा भरल्या. माझं मनगट का दुखतंय तेही तेव्हाच कळलं. जानेवारीपासून मी नकळत ठोकळा उलट्या बाजूने धरून कोरतो आहे. थंडीचा काही संबंध नाही.

यावरून मी जे अनुमान काढलं ते असं: ही सात चित्रं तुझ्या हातची नाहीत. ती डावखुऱ्या माणसाने काढली आहेत. आणि जावईबापू डावखुरे आहेत. तुमच्या घरी आलो होतो तेव्हा ते शाळेतल्या पोरांच्या गणिताच्या वह्या तपासत होते, मी शेजारीच बसलो होतो.

त्यांनी तुला मदत केली यात वाईट काही नाही. नवऱ्याने बायकोचं काम हलकं करावं, मी स्वतः मामीला भांडी घासून देतो. पण खारे, मला सांगायचं होतंस. मी तुझ्या रेघेवर कोरणी चालवतो. कुणाच्या रेघेवर चालवतोय हे कळायचा माझा हक्क आहे.

रेघा पुऱ्या नाहीत त्याचाही उलगडा झाला. गणिताचा मास्तर, "उरलेलं तुम्ही घरी करा" म्हणायची सवय.

सात ठोकळ्यांचे छाप सोबत. सर्व रेघा जोडलेल्या आहेत. स्वतःच्या तोंडाने सांगू नये, पण जोड कुठे आहे ते तुला सापडणार नाही.

मामा


४ एप्रिल

खारूताई,

सव्वीस दिवस झाले. पार्सल पोचल्याची पावती माझ्याकडे आहे, म्हणजे टपालखात्याला दोष देता येत नाही. दोनदा फोन केला. एकदा "ती अंघोळीला गेलीय," एकदा "ती झोपलीय." दुपारी चार वाजता?

काही चुकलं असेल तर सांग. चुकलं नसेल तरी सांग.

मामा

(खाली मामीच्या अक्षरात:) खारू, हा माणूस भिंग घेऊन दिवसभर तुझ्या शेळीकडे बघत बसतो. याला मी सांगितलं होतं की ते मास्तरांचं वाक्य खोड. म्हणे, खोडलं तर पत्र घाण दिसतं. तू मनावर घेऊ नकोस. किंवा घे, पण चार ओळी टाक.


१० एप्रिल

ती. मामांना साष्टांग नमस्कार.

पत्र लिहितो आहे हे तिला माहीत नाही. कळलं तर मला वह्यांसकट बाहेर काढील.

मामा, मला साधी बादली काढता येत नाही. वर्गात फळ्यावर वर्तुळ काढलं की पोरं "सर, बटाटा" म्हणतात. तुमच्या अनुमानाने माझा जो सन्मान झाला तो आयुष्यात पुन्हा व्हायचा नाही, म्हणून पत्र जपून ठेवलं आहे. पण ती चित्रं माझी नाहीत.

तिने तुमचे छाप पाहिले. बराच वेळ पाहिले. मग मला विचारलं, "हे कुणाचं चित्र आहे?" मी म्हटलं, तुझंच की. तर म्हणाली, "नाही." मग ते कपाटावर ठेवून दिले आणि तेव्हापासून एकही रेघ काढलेली नाही. रागावली आहे की दमली आहे, मला खरोखर उमगत नाही. विचारलं तर म्हणते, "मलाच कळलं की सांगते."

बाकी काय ते तिनेच सांगावं. मी सांगितलं तर ते पुन्हा माझ्या हातचं होईल.

तुमचा,
डावखुरा


१६ एप्रिल

मामा,

यांनी तुला लिहिलं ते मला कळलं, कारण माझी पाकिटं मोजलेली असतात. तुझीच भाची.

ती चित्रं माझ्या हातची आहेत. डाव्या हातची.

पिल्लाची मान एका बाजूला कलते. दीड महिन्याची असताना माझ्या लक्षात आलं, ती बघते ते नेहमी डावीकडेच. मानेची एक दोरी आखडलेली आहे म्हणे, जन्मतःच. व्यायाम देणाऱ्या बाई म्हणाल्या, बरी होईल, पण वेळ लागेल. दिवसाचे चार व्यायाम करा, आणि उचलायचं, झोपवायचं ते उजव्या हातावर, म्हणजे तिला मान वळवावी लागेल. मी हे आईला सांगितलं नाही, तुला सांगितलं नाही. तुम्ही सगळे विचारणार, आता कशी आहे, आज कशी आहे, आणि मला रोज उत्तर द्यावं लागणार. दिवसभर मी कार्यालयात दाब किती, दाब किती याचीच उत्तरं देत असते.

साडेतीनला तिला घेऊन येते. चारला ती माझ्या उजव्या हातावर झोपते. खाली ठेवली की उठते. म्हणून मी खिडकीपाशी खुर्चीत बसते आणि डावा हात मोकळा असतो. मोकळा हात काय करणार? पहिले आठ दिवस तो नुसता गुडघ्यावर पडून होता. मग एक दिवस पर्समधून आलेखाची पट्टी निघाली आणि पेन्सिल निघाली.

ती उठली की रेघ थांबते. एवढंच आहे ते, मामा. घाई नाही, विसरणं नाही. ती उठते तिथे शेळीचा पाय थांबतो. कधी अकरा मिनिटं मिळतात, कधी सव्वीस. मी लिहून ठेवते, सवयच आहे.

दुसऱ्या दिवशी पुढे का नाही नेत, असं तू विचारशील. नेऊन पाहिलं. बाराव्या चित्रातली खिडकी दुसऱ्या दिवशी पुरी करायला बसले. हात तोच, पेन्सिल तीच, पण मला काल काय दिसत होतं तेच आठवेना. जी कड काढली ती दुसऱ्याच कुणाच्या खिडकीची होती. पुसली.

तुझे छाप आले. जोड खरंच सापडत नाही. मी बोट फिरवून पाहिलं. आणि मला काय झालं ते सांगता येत नाही, कारण एकाच वेळी दोन गोष्टी वाटल्या. एक, किती सुंदर झालंय, असंच तर मला काढायचं होतं. दोन, यात मी कुठे आहे? ती अकरा मिनिटं कुठे गेली? मग वाटलं, त्या अकरा मिनिटांचं लोकांना काय करायचंय? पुस्तक मुलांसाठी आहे, मुलांना चार पायांची शेळी हवी. मग वाटलं, पण मी काढलेली शेळी तीन पायांचीच आहे. असं फिरत फिरत पुन्हा पहिल्या जागी. पूर्वी अख्खा रविवार दार लावून बसायचे आणि मला सगळं कळायचं. आता काहीच कळत नाही. हे चित्र आहे की नुसतं एका हाताने वेळ घालवणं, तेही नाही.

आणि तू मला न विचारता दुसऱ्याचं नाव लावलंस, ते लागलं. खूप लागलं. मोजून दोनशे अकरा रेघा पाहिल्यास आणि त्या कुणाच्या आहेत ते विचारलं नाहीस.

आणखी एक. साहेब निवृत्त होतायत. नियंत्रण कक्षाची प्रमुख म्हणून मला विचारलंय. या महिन्याअखेर सांगायचं आहे.

तेव्हा असं कर. उरलेली सहा चित्रं तूच काढ. गोष्ट तुला पाठ आहे, पहिली नऊ समोर आहेत, आणि तुझी रेघ माझ्यापेक्षा सरळ आहे. पुस्तक तरी पुरं होईल. हे रागाने लिहीत नाहीये. निदान मला तरी तसं वाटतंय.

खारू


२५ एप्रिल

खारूताई,

माफी मागायची मला सवय नाही. एकट्याने शिकलेल्या माणसाचं हे एक वाईट असतं; चूक दाखवायला समोर गुरू नसतो, आणि मग दुसऱ्या कुणी दाखवली की ती चूक वाटतच नाही. यावेळी वाटली. मागतो.

तुझं पत्र वाचून मला काय वाटलं ते सांगण्याऐवजी काय केलं ते सांगतो, ते मला जमतं.

पिल्लाचं वजन मी मामीकरवी तुझ्या आईकडून काढलं, कारण न सांगता: सात किलो शंभर ग्रॅम. कापडी पिशवीत तेवढी वाळू भरली. वजनकाट्यावर सात-शंभर होईपर्यंत चमच्याने कमी-जास्त केली. खिडकीपाशी खुर्ची घेतली, पिशवी उजव्या हातावर घेतली, डाव्या हातात पेन्सिल. मामी दारातून म्हणाली, "डोकं फिरलं का हो?" मी म्हटलं, "हलू नकोस, उठेल." मामी हसून हसून बेजार झाली. पण बाहेर जाताना तिने दार हळू लोटलं.

बादली काढायला घेतली. चार मिनिटांत खांदा भरून आला. सातव्या मिनिटाला बोटांना मुंग्या. बादलीला कान निघाला तो बादलीपासून बोटभर दूर. नवव्या मिनिटाला पिशवी ठेवून दिली, आणि वाळू तर रडतही नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती बादली पुरी करायला उजव्या हाताने बसलो. पुरी झाली. कालचा कान मात्र त्या बादलीचा राहिला नाही. तू खिडकीचं लिहिलंस तेच. मग मी तुझी दहा ते सोळा पुन्हा काढून भिंतीला लावली. माझे छाप शेजारी. आठ दिवस येता-जाता बघतोय. कधी वाटतं माझं बरोबर. किल्ली जमिनीला टेकलीच पाहिजे, नाहीतर पाणी सुटणार कसं? दुपारी बघितलं की वाटतं, तुझा म्हातारा किल्ली टेकवायच्या आधी थांबलाय, कुणीतरी हाक मारली म्हणून. माझा कुणाची हाक ऐकत नाही.

तेव्हा मला विचारशील तर मलाही काही कळत नाही. चोपन्न वर्षांत असं पहिल्यांदा झालंय आणि ते अजिबात आवडलेलं नाही.

पुढील प्रश्नांची उत्तरं क्रमाने दे. एक, मान आता किती वळते? थोडी, बरीच, असं नको. खुर्चीत सरळ बसवली तर खिडकीपर्यंत पोचते का? दोन, तुझ्या खुर्चीला हात आहेत का, आणि कोपर टेकतं का? तीन, तू साहेबांना काय सांगितलंस?

"तूच काढ" या मुद्द्यावर आज काही लिहीत नाही.

मामा


६ मे

मामा,

वाळूचं वाचून मी कार्यालयात इतकी हसले की तांत्रिक विभागातून विचारणा झाली.

क्रमाने. एक, मान खिडकीपर्यंत पोचते. परवा पोचली. मी व्यायाम देत नव्हते, काही करत नव्हते, ती आपणहून वळली, कारण बाहेर कुत्रं भुंकलं. मी पाच महिने जे गाऊन, खुळखुळे वाजवून, पाया पडून होईना, ते एका कुत्र्याने केलं. बाई म्हणाल्या, आता कुठल्याही हातावर घ्या.

दोन, खुर्चीला हात नाहीत. कोपर माझ्या पोटावर टेकतं, ते पूर्वीपेक्षा सोयीचं झालंय.

तीन, मी हो म्हणाले. पगार, खोली, दारावर पाटी, आणि फोन कधीही येऊ शकतो. हो म्हणताना आनंद झाला. घरी येताना पायऱ्यांवर बसून रडले. दोन्ही खरं आहे. यांना सांगितलं तर हे म्हणाले, "बेरीज शून्य येते का बघ." मी म्हटलं, तुमचं गणित शाळेत ठेवा.

आता मुख्य. ती डाव्या हातावर झोपायला लागली म्हणजे माझा उजवा हात सुटला. मी कपाट उघडलं, चांगला कागद काढला, सतरावं चित्र उजव्या हाताने काढायला घेतलं. मामा, हात पाच महिने रजेवर जाऊन आल्यासारखा ताजातवाना. रेघ कशी गुळगुळीत! पहिल्या नऊंसारखी. आणि मला ती बघवेना. तिला सगळं आधीच माहीत होतं. कागद उलटा केला, पिल्लाला पुन्हा उजव्या हातावर घेतलं (तिने तक्रार केली) आणि डाव्या हाताने काढलं. ते सोबत आहे. एकोणीस मिनिटं. म्हाताऱ्याचं तोंड राहिलंय.

हे शहाणपण आहे की खूळ, सांग. नाहीतर नको सांगूस. पंधरा तारखेपासून नवं काम सुरू. तेव्हा मी मागच्या पत्रात लिहिलं ते तसंच आहे: हे माझ्याकडून शेवटचं धर, उरलेली पाच तू काढ आणि जून पाळ. प्रकाशकाला मी काय सांगणार? माझी मुलगी कुत्र्याकडे बघायला लागली, म्हणून चित्रं राहिली?

पण एक विचारते, उगाच. शेळीचा चौथा पाय तू नक्की कुठून जोडलास? मी छाप रोज बघते आणि अजून सापडलेलं नाही.

खारू


२७ मे

चि. खारूताईस मामाचे आशीर्वाद.

पाय गुडघ्याच्या खाली दोन मिलिमीटरवर जोडला होता. होता म्हणतो, कारण आता नाही.

लाकडात खोदलेलं भरता येत नाही, हे खरं. पण आपल्या कामात जी रेघ छापली जाते ती खोदलेली नसते. तिच्या आजूबाजूचं लाकूड काढून तिला उभी ठेवलेली असते. म्हणजे मी जोडलेल्या रेघा हे नुसतं न काढता ठेवलेलं लाकूड आहे. ते अजूनही काढता येतं. दहा मे ते अठरा मे, सात ठोकळे. प्रत्येक चित्रावर तुझा कागद ठेवून, भिंगाने बघून, जिथे पेन्सिल उचललीस त्या केसापर्यंत. सोळाव्यात एका जागी मी अर्धा मिलिमीटर जास्त काढलं. ती चूक माझी, ती तशीच राहील. सतरावं मात्र सरळ तुझ्या कागदावरून कोरलं. तोंड नाही.

हे करताना मला पटलेलं होतं, असं समजू नकोस. अकराव्या ठोकळ्यावरची शेळी पुन्हा लंगडी झाली तेव्हा कोरणी पुसून ठेवली, मग पुन्हा उचलली. चांगलं काम मोडतोय की वाईट काम सुधारतोय, हे मला त्या क्षणी कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. आजही येणार नाही.

आता जे सांगायचं आहे ते सांगतो. तू कदाचित रागावशील, आणि यावेळी हक्काने. मी तुला विचारलेलं नाही. मागच्या वेळीही विचारलं नव्हतं, आणि त्यातून काही शिकलो असं म्हणायला जागा नाही.

एकोणीस तारखेला प्रकाशक काम बघायला कार्यशाळेत आला. टेबलावर दोन्ही छाप होते, जोडलेले आणि सोडवलेले. त्याने आधी सोडवलेले उचलले. "हे खराब निघालेत का?" मी म्हटलं, नाही, हेच आहेत. मग त्याने जोडलेले उचलले आणि खिडकीपाशी गेला. खारे, त्याने माझ्या रेघेला जे शब्द वापरले ते मी इथे लिहिणार नाही, लिहिले तर बढाई वाटेल. इतक्या वर्षांत कुणी वापरले नव्हते. कोरणारा म्हणून वापरले होते. काढणारा म्हणून नाही.

मग बसून म्हणाला, "तुमच्या भाचीबाईंचं कसं चाललंय?" मी म्हटलं, मुलगी आठ महिन्यांची आहे, कार्यालयात बढती मिळाली. तो म्हणाला, "मग संपलंच. या कामात मूल झाल्यावर बाई परत येत नाही, मी खूप पाहिलंय. वाईट वाटतं, पण येत नाही." माझ्या खिशात तुझं सहा मेचं पत्र होतं. त्यात तूही जवळपास तेच लिहिलं आहेस.

मग तो काय देऊ करतो ते त्याने मांडलं. मी म्हटलं, शुक्रवारी सांगतो. तीन दिवस मामीशी नीट बोललो नाही. तुला तर लिहिलंच नाही, कारण तू "घे" म्हणाली असतीस. मला घ्यायचं होतं, हे लपवत नाही. बुधवारी मी अठराव्या चित्राचं कच्चं काढूनही पाहिलं, उजव्या हाताने, आणि ते चांगलं आलं होतं. ते चुलीत टाकलं.

शुक्रवारी त्याला नाही म्हटलं. हेही सांगितलं, की पाच चित्रं राहिली आहेत, ती जूनमध्ये येतील, पुढच्या जूनमध्ये येतील, की येणारच नाहीत, ते मला माहीत नाही. आली तर अशीच येतील. तो म्हणाला, "मग माझ्याकडे येऊ नका." म्हणजे आज या पुस्तकाला प्रकाशक नाही. तो मी घालवला. सतरा ठोकळे माझ्याकडे कोरडे, स्वच्छ, कापडात गुंडाळून आहेत आणि पाच कोरे तासून ठेवलेत. तू काढ किंवा काढू नकोस. मी उरलेली काढणार नाही, एवढं नक्की ठरलं आहे. बाकी काही ठरलेलं नाही.

तो काय देत होता ते तुला नेमकं कळायला हवं, कारण मी जे सोडलं त्यात तुझंही होतं. बावीस ठोकळे, रेघा जोडलेल्या. उरलेली पाच चित्रं माझ्या हातची. मुखपृष्ठावर चित्रकार म्हणून एकट्या माझं नाव, आतल्या पानावर बारीक अक्षरात "मूळ कल्पना: भाची". निम्मी रक्कम त्याच दिवशी, निम्मी पुस्तक छापून आल्यावर. एकूण पंच्याऐंशी हजार.

मामा